सायकल आणि धरसोड

गेल्या वर्षीं दुसऱ्या सत्राच्या अखेरीस एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकांत मीं असा शेरा लिहिला : 'हुशार आहे, परंतु कोणत्याहि एका गोष्टीस धरून राहत नाहीं.' असले शेरे लिहितांना शिक्षकास फारसा विचार करावा लागत नाहीं. साठ पुस्तकें समोर पडलेलीं असतात, घंटा होण्यास थोडाच अवकाश असतो, आणि लेखणी आपल्या सवयीनें चालते. शेरा लिहिला त्या दिवशीं मला त्याचें कांहींच वाटलें नाहीं. पुढें मात्र तो मनांत सलूं लागला, आणि संपादकांनीं या अंकासाठीं लेख मागितला तेव्हां दुसरा विषय कांहीं केल्या सुचेना.

हकीकत अशी आहे. हा मुलगा आठवींत असतां शाळेच्या सायकल-शर्यतींत दुसरा आला. पुढील वर्षीं पहिला क्रमांक त्याचाच, असें त्याच्या वर्गानें व आम्हां शिक्षकांनींहि गृहीत धरलें. परंतु नववींत नांवें घेण्याची वेळ आली तेव्हां त्यानें नांवच दिलें नाहीं. सुटीच्या दिवशीं तो एकटाच लांब लांब जाऊं लागला होता. कधीं राहुरीपर्यंत, एकदां तर कोल्हारपर्यंत जाऊन अंधार पडतां पडतां परत आला. चार-पांच महिन्यांनीं तेंहि सुटलें, आणि चांदबिबीच्या महालाच्या डोंगरावर शेळ्यांनीं पाडलेल्या पायवाटांवरून सायकल चालविण्याचें वेड त्यानें घेतलें. गुडघे व कोपरें सोलून घेऊन तो वर्गांत येई. शेवटीं त्याचे वडील मजकडे आले. "सर, एक ना धड भाराभर चिंध्या, असें या मुलाचें झालें आहे," ते म्हणाले. "शर्यत धरली, ती सोडली. लांबचा प्रवास धरला, तो सोडला. आतां दगडधोंडे! पोटाला चिमटा घेऊन मीं सायकल घेऊन दिली ती काय यासाठीं? तुम्हीं सांगितलें तर तो ऐकेल."

मीं सांगितलें. शर्यत तरी नीट कर, नाहीं तर सायकल बाजूस ठेवून अभ्यासाला लाग, असें बजावलें. त्यावर खालीं मान घालून तो एवढेंच म्हणाला, "पण सर, मी सोडली कुठें? सायकल तीच आहे." हें मला उलट उत्तर वाटलें, व त्याबद्दलहि मीं त्याला दोन शब्द सुनावले. मुलानें आज्ञा पाळली, दोहोंपैकीं दुसरी. आतां तो रिक्षानें शाळेंत येतो, आणि सायकल त्याच्या घरीं जिन्याखालीं, मागल्या चाकांतली हवा जाऊन, उभी आहे. वडील समाधानी आहेत. मी नाहीं.

मी समाधानी नसण्याचें पहिलें कारण जरा लाजेचें आहे. जो दोष मीं त्याच्या पदरीं बांधला तोच, दोष म्हणावयाचा तर, माझ्या अंगीं गेलीं सदतीस वर्षें आहे.

नऊ वर्षांचा असतांना, तासाला एक रुपया भाडें देऊन आणलेल्या काळ्या सायकलीवर, उंची पुरत नसल्यामुळें दांडीखालून पाय घालून आणि सगळें अंग एका बाजूस टाकून, मीं पहिल्यानें पायडल मारलें. तासांतलीं पहिलीं वीस मिनिटें तोल सांभाळण्यांत जात, शेवटचीं वीस मिनिटें दुकानीं वेळेवर परतण्याच्या धास्तींत जात. परंतु मधल्या वीस मिनिटांचें सुख अद्याप विसरलों नाहीं. हायस्कुलांत शर्यतींचा नाद लागला. कॉलेजांत असतां एका मित्राची बारीक टायरांची सायकल मागून घेऊन मी मोठ्या शर्यतींत उतरलों व शेवटून दुसरा आलों; शेवटचा जो आला त्याची साखळी तुटली होती. मग बी. एड., नोकरी, लग्न, मुलें. दहा-बारा वर्षें सायकल संसाराच्या कामीं लागली. मागें कॅरिअरला दळणाचा भरलेला डबा, पुढें लहानग्या मुलीची बैठक, हँडलला भाजीच्या पिशव्या, अशा थाटांत ज्यानें माळीवाड्याच्या गर्दींतून सायकल काढली आहे, त्यानें सायकल चालविण्याची एक वेगळी विद्या संपादन केली आहे असें माझें मत आहे. तिला पदक नाहीं एवढेंच.

अडतिसाव्या वर्षीं एका सहकाऱ्याच्या संगतीनें 'ब्रेव्हे' या प्रकाराची ओळख झाली. मूळची फ्रान्सांतली ही पद्धत आतां आपल्याकडेहि चांगली रुजली आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत पुरे करावयाचे. वाटेंत ठराविक ठिकाणीं आपण आल्याची नोंद करावयाची. पंक्चर झालें, तार तुटली, तर आपलें आपण निस्तरावयाचें. आणि सर्वांत विशेष हें कीं यांत पहिला, दुसरा असा क्रमांक लावीतच नाहींत. आठ तासांत परतणारा आणि तेरा तास एकोणतीस मिनिटांनीं धापा टाकीत येणारा, दोघांचीहि नोंद सारखीच. माझा पहिला ब्रेव्हे पुण्याहून साताऱ्याच्या वाटेवर झाला. खंबाटकीच्या चढावर मी दोनदां उतरलों, शिरवळाजवळ भर दुपारीं ट्यूब फुटली, आणि मुदत संपावयास अकरा मिनिटें असतां मी परत पोंचलों. कॉलेजांतल्या त्या शर्यतीनें मला दिलें नाहीं तें या अकरा मिनिटांनीं दिलें.

आतां सेहेचाळिसावें वर्ष चालू आहे. गुडघे कुरकुर करितात, व मोठ्या रस्त्यावरील ट्रकांची भीति वाटूं लागली आहे. म्हणून पहाटे मी डोंगरगणाच्या बाजूस कच्च्या वाटांनीं जातों. म्हणजे मुलाला ज्या दगडधोंड्यांवरून मीं परत बोलाविलें, त्यांच्याच चुलतभावंडांवरून मी स्वतः रोज सकाळीं सायकल हांकीत असतों! प्रत्येक वळणावर "काय, शर्यती सोडल्या वाटतें?" "काय, लांबचें बंद का?" असें विचारणारा कोणीतरी मला भेटलाच, परंतु प्रौढ मनुष्यास प्रगतिपुस्तक नसतें, त्यामुळें शेरा लिहावयास कोणास जागा सांपडली नाहीं.

हें झालें माझें क्षुद्र उदाहरण. माझें म्हणणें मोठ्यांच्या चरित्रांवरूनहि तपासून पाहावें म्हणून मीं थोडें वाचन केलें, आणि हॉलंडची मारियान व्हॉस हिचें चरित्र माझ्या शेऱ्याला सपशेल खोटें पाडणारें निघालें. २००६ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, ही मुलगी सायक्लोक्रॉस या प्रकारांत जगज्जेती झाली. हा खेळ हिंवाळ्यांतला. चिखल, वाळू, गवताचे उतार यांवरून साधारण तासभर फेऱ्या मारावयाच्या. अडथळा किंवा उभा चढ आला कीं धांवत्या सायकलीवरून उडी मारून ती खांद्यावर घ्यावयाची आणि पुढें पुन्हां स्वार व्हावयाचें. त्याच वर्षीं रस्त्यावरच्या शर्यतींतहि ती जगज्जेती झाली. येथपर्यंत ठीक. परंतु पुढें २००७ ते २०११ अशीं ओळीनें पांच वर्षें रस्त्याच्या जागतिक शर्यतींत ती दुसरी आली. पांच वेळां दुसरी! एकाच गोष्टीस धरून राहणाऱ्या माणसाचें मन मोडावयास एवढें पुरे होतें. पण या पांच वर्षांत ही बाई काय करीत होती? २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकांत धांवपट्टीवरच्या गुणांच्या शर्यतींत तिनें सुवर्णपदक मिळविलें. २००९ पासून सायक्लोक्रॉसचें अजिंक्यपद दरवर्षीं आपल्याकडे ठेविलें, तें २०१४ पर्यंत. आणि २०१२ सालीं लंडन ऑलिंपिकांत रस्त्यावरचें सुवर्णपदक, त्याच वर्षीं व पुढच्या वर्षीं रस्त्याचें जागतिक अजिंक्यपद, असें सर्व एकदम परत आलें. २०२२ सालीं सायक्लोक्रॉसचें आठवें अजिंक्यपद. २०२४ सालीं खडीच्या वाटांवरील शर्यतीचें, जो प्रकार तिच्या लहानपणीं जागतिक स्पर्धांत नव्हताच. आणि २०२५ सालीं, अडतिसाव्या वर्षीं, स्त्रियांच्या 'तूर द फ्रान्स'चा पहिला टप्पा जिंकून तिनें पिवळा सदरा अंगावर चढविला.

हिला धरसोडी म्हणण्याची माझी तरी छाती होत नाहीं.

आणि यांत नुसतें दैव किंवा अंगची देणगी नाहीं. सायकलीचा एक प्रकार दुसऱ्याला शिकवितो, हें थोडें खोलांत जाऊन पाहिल्यास कोणासहि पटेल. सायक्लोक्रॉसमध्यें टायर ३३ मिलिमीटरांहून रुंद चालत नाहीं. एवढ्या अरुंद टायरावर चिखलांत पुढलें चाक सारखें घसरूं पाहतें, आणि ब्रेक न दाबतां, केवळ अंगाच्या कलानें, तें सांवरावें लागतें. हीच शिकवण पावसानें ओल्या झालेल्या डांबरी वळणावर उपयोगी पडते. धांवपट्टीवरच्या सायकलीला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलहि नसतें. चाक फिरतें तोंपर्यंत पाय फिरलेच पाहिजेत. त्यामुळें पायडल हिसके न देतां, एकसारखें, गोल फिरविण्याची संवय हाडांत मुरते. लांब पल्ल्याचा स्वार भूक लागण्यापूर्वीं खावयास व दमण्यापूर्वीं वेग आवरावयास शिकतो. दगडधोंड्यांवर जाणारा दहा पावलें पुढें नजर ठेवावयास शिकतो. माझा विद्यार्थी या क्रमानें तीन शाळांतून जात होता, आणि तिसरींतून मीं त्याचें नांव काढून टाकिलें.

हा दगडधोंड्यांचा प्रकार तरी निघाला कसा? कॅलिफोर्नियांत सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उत्तरेस मॅरिन परगण्यांत, १९७० नंतरच्या दशकांत, कांहीं तरुण जुन्या, जड, जाड टायरांच्या सायकली गोळा करून डोंगरावरून खालीं पिटाळूं लागले. त्यांतले गॅरी फिशर, जो ब्रीझ यांच्यासारखे कित्येक मूळचे रस्त्यावरचे शर्यतवीर होते. त्या सायकलींचा ब्रेक मागल्या चाकाच्या तुंब्यांत असे. उतारावर तो इतका तापे कीं आंतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई व खालीं पोंचल्यावर नवें ग्रीस भरावें लागे. यावरून त्या वाटेचें नांवच 'रीपॅक', म्हणजे पुन्हां भरा, असें पडलें. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं तेथें पहिली शर्यत झाली. वीस वर्षांनीं, १९९६ सालीं, अटलांटाच्या ऑलिंपिकांत डोंगरी सायकलीला स्थान मिळालें. रस्त्यावरची चांगली शर्यत सोडून भंगारांतल्या सायकलीवर धूळ खाणाऱ्या या पोरांच्या प्रगतिपुस्तकांत मीं काय लिहिलें असतें, हें वाचकांस सांगावयास नको.

आतां दुसरी बाजूहि मांडली पाहिजे, नाहीं तर त्या वडिलांवर अन्याय होईल. एक तर खर्च. प्रत्येक प्रकाराची सायकल निराळी, आणि त्यांतल्या कित्येक शिक्षकाच्या महिन्याच्या पगारांत येत नाहींत. ज्याला दर सहा महिन्यांनीं नवी सायकल, नवें शिरस्त्राण व नवे बूट हवे असतात, त्याचें प्रेम सायकलीवर नसून दुकानावर आहे. दुसरें, शरीराला मर्यादा आहे. खुद्द व्हॉसला २०१५ सालीं दुखापत व अतिश्रम यांमुळें बहुतेक सबंध हंगाम घरीं काढावा लागला. तिसरें, आणि हेंच महत्त्वाचें, खरीखुरी धरसोड करणारीं मुलें असतातच. मीं तीं वीस वर्षें पाहत आहें. पेटी शिकावयास घेतात, बोटें दुखूं लागलीं कीं तबला. तबल्यानें हात दुखले कीं चित्रकला. कठीण भाग आला कीं यांचें लक्ष उडतें.

पण या कसोटीवर तरी माझा विद्यार्थी कोठें उतरतो? शर्यत दहा मिनिटांची होती, तींत दुसरा येऊन त्यानें सारा दिवस चालण्याचें काम पत्करलें. सारा दिवस चालतां येऊं लागल्यावर, पडावयास होईल अशी वाट पत्करली. दर खेपेस तो सोप्याकडून कठीणाकडे गेला. सायकल एकच, तीच, वडिलांनीं दिलेली. मीं त्यानें काय सोडलें तें मोजलें, काय धरलें तें पाहिलें नाहीं.

इंग्लंडांतील लीड्सची बेरिल बर्टन हिची गोष्ट माझ्या वर्गांत मीं आतां सांगूं लागलों आहें. लहानपणीं संधिज्वरानें ती कित्येक महिने इस्पितळांत पडून होती. पुढें धांवपट्टीवरच्या तीन हजार मीटरांच्या पाठलागांत ती पांच वेळां जगज्जेती झाली, रस्त्यावर दोन वेळां. हा पाठलाग पांच मिनिटांच्या आंत संपतो. आणि १९६७ सालीं तिनें बारा तासांच्या शर्यतींत २७७¼ मैल तोडले. त्याच दिवशीं माईक मॅकनमारा यानें केलेला पुरुषांचा नवा उच्चांकहि तिच्या मागें राहिला. त्याला मागें टाकतांना तिनें ज्येष्ठमधाची एक गोळी त्याच्यापुढें केली, व त्यानें ती घेतली. स्त्रियांचा हा उच्चांक २०१७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षें, टिकला. एकच बाई, पांच मिनिटांची राणी व बारा तासांची राणी! स्वभाव मात्र करडा. १९७६ सालीं राष्ट्रीय शर्यतींत पोटची मुलगी डेनिस हिनें तिला हरविलें, तेव्हां तिनें मुलीच्या हातांत हात दिला नाहीं. हें मी मुलांपासून लपवीत नाहीं. १९९६ च्या मे महिन्यांत, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवसाचीं आमंत्रणें वाटावयास सायकलीवरून निघाली असतां, वाटेंतच ती गेली.

आपल्या मुलखांतहि अशीं माणसें आहेत. नाशिकचे महाजन बंधु हितेंद्र व महेंद्र, दोघेहि डॉक्टर, यांनीं २०१५ सालीं अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी शर्यत जोडीनें पुरी केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं तीच एकट्यानें केली. रोगी तपासावयाचे व रात्रीं-पहाटे सायकल, असा या लोकांचा क्रम.

आतां आपल्या शाळेविषयीं. आपल्याकडे सायकलीच्या दोनच शर्यती आहेत. एक जोराची आणि एक 'हळू सायकल'. जोराच्या शर्यतींत एक मुलगा पहिला येतो आणि उरलेल्या चाळीस मुलांना सायकल आपल्यासाठीं नाहीं असें समजतें. मग अठराव्या वर्षीं मोटारसायकल आली कीं हीच सायकल भंगारवाल्याकडे जाते. 'हळू सायकल'ला तर सारे हंसतात. वास्तविक ती फार अवघड विद्या आहे. धांवपट्टीवरचे वेगवान स्वार प्रतिपक्षास पुढें जावयास लावण्यासाठीं जागच्याजागीं तोल धरून उभे राहत. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकांत इटलीचा पेत्तेनेल्ला व फ्रान्सचा त्रांतँ हे असे जवळजवळ २२ मिनिटें उभे होते. आपल्या मैदानावर दीड मिनिट उभें राहणाऱ्या मुलीला आम्ही टाळ्या वाजवितों त्या विनोदाच्या. त्या कौतुकाच्या असावयास हव्यात.

माझी मुख्याध्यापकांस व पालकसंघास अशी विनंति आहे कीं या दोहोंच्या जोडीस एक तिसरा प्रकार ठेवावा. पन्नास किलोमीटर, पांच तास, क्रमांक नाहीं. जो वेळेंत येईल त्यास, किंवा तीस, प्रमाणपत्र, मग तो सकाळीं नऊला येवो कीं साडेदहाला. पंक्चर ज्याचें त्यानें काढावयाचें. शिक्षकांनींहि नांवें द्यावींत. वय आडवें येतें म्हणणाऱ्यांसाठीं सांगतों : फ्रान्सचे रॉबेर मार्शां यांनीं सदुसष्टाव्या वर्षीं सायकल पुन्हां हातीं घेतली, आणि ४ जानेवारी २०१७ रोजीं, १०५ वर्षांचे असतां, एका तासांत २२.५४७ किलोमीटर अंतर तोडलें. उतरल्यावर त्यांची तक्रार ही कीं शेवटचीं दहा मिनिटें राहिल्याची पाटी आपणांस दिसली नाहीं, नाहीं तर आणखी जोरानें गेलों असतों!

त्या प्रगतिपुस्तकावरील शेरा मीं खोडून खालीं सही केली आहे. मुलाच्या वडिलांकडे जाऊन आलों. त्यांनीं चहा दिला, बोलणें ऐकून घेतलें, आणि 'पाहूं' म्हणाले. मुलाला मीं निराळें बोलावून माझी चूक सांगितली. तो संकोचला, व त्यानें अद्याप कांहीं उत्तर दिलेलें नाहीं.

दर शनिवारीं पहाटे साडेपांच वाजतां मी शाळेच्या फाटकाशीं असतों. डोंगरगणाकडे जाऊन आठच्या आंत परत येतों. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं घरीं सांगून यावें. हवेचा पंप मजजवळ आहे. ट्यूब मात्र प्रत्येकानें आपल्या मापाची आणावी.